नारायण वामन टिळक

नारायण वामन टिळक (६ डिसेंबर १८६१, करजगाव, रत्नागिरी जिल्हा – ९ मे १९१९, मुंबई) हे मराठी कवी, ख्रिस्ती धर्मोपदेशक, कीर्तनकार व संपादक होते. रेव्हरंड टिळक या नावाने ते अधिक परिचित आहेत. शालेय पाठ्यपुस्तकांतून ते 'फुलांमुलांचे कवी' म्हणून घरोघरी पोहोचले. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्यांना मात्र ते वेगळ्याच कारणाने आपले वाटतात. पाश्चात्त्य चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांची सवय झालेल्या मराठी ख्रिस्ती उपासनेत त्यांनी अभंग, ओवी, पद, भजन व कीर्तन यांना मानाचे स्थान मिळवून दिले आणि त्यांच्या पाठोपाठ टाळ, मृदंग व वीणा यांनाही आत आणले. लोकमान्य बाळ गंगाधर टिळक हे त्यांचे समकालीन. दोघेही मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील चित्पावन ब्राह्मण कुळांतले. त्यामुळे आडनावावरून गोंधळ होतो, परंतु दोघांची कार्यक्षेत्रे सर्वस्वी भिन्न होती.

पूर्वायुष्य

टिळकांचे वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. त्यांचा स्वभाव कडक होता. आई जानकीबाई यांना काव्याची आवड होती आणि नारायणाचा ओढा आईकडे होता. तो लहान असतानाच जानकीबाईंचे निधन झाले आणि घराशी असलेला त्याचा धागा तुटला. घर सोडून तो नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याने संस्कृत काव्याचे अध्ययन केले. इंग्रजी शाळेत तो फार काळ टिकला नाही. पुढे इंग्रजी वाचनाची जी गती त्याला आली, ती बहुतांशी स्वप्रयत्नाने आलेली होती.

१८८० च्या सुमारास नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. याच पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) होत.

त्यानंतरचा काळ स्थिरतेचा नव्हता. टिळक कधी शिक्षक झाले, कधी पुराणिक, कधी वक्ते. एका गावी बस्तान बसते न बसते तोच दुसरे गाव, असा हा संसार होता. नागपूर येथे श्रीमंत अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांना वैदिक वाङ्मयाचा अभ्यास करता आला. 'ऋषी' नावाचे मासिकही त्यांनी चालवले. जातिभेद, मूर्तिपूजा व धर्मग्रंथांचे प्रामाण्य याविषयी त्यांच्या मनात या काळात प्रश्न उभे राहिले होते. आपण एक नवा, जातिभेदविरहित धर्म स्थापावा असाही विचार त्यांच्या मनात घोळत होता. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण मिशनऱ्यांनी त्यांना वळवले असे जे ढोबळपणे म्हटले जाते ते त्यामुळे फारसे टिकत नाही. ते आधीपासूनच शोधात होते.

धर्मांतर

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला नोकरीच्या निमित्ताने जात असता रेल्वेच्या डब्यात त्यांची एका युरोपीय गृहस्थाशी गाठ पडली. दोघांत काव्यावर व धर्मावर बोलणे झाले. निरोप घेताना त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी पुस्तक वाचण्याचा शब्द दिला होता, तो पाळला. डोंगरावरील प्रवचनापाशी येताच त्यांना ते खाली ठेवता आले नाही, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो त्यांनी परदेशी मिशनऱ्याच्या हातून न घेता अमेरिकन मराठी मिशनचे भारतीय पाळक रेव्ह. तुकाराम नथूजी यांच्या हातून घेतला. हा योगायोग नव्हता. परदेशी हातांवाचूनही आपण ख्रिस्ताचे होऊ शकतो, हे त्यांना पहिल्याच पावली दाखवायचे होते. पाळकाचे नाव तुकाराम असणे हा मात्र योगायोग म्हटला पाहिजे. आपण संत तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, अशी टिळकांची पुढे आयुष्यभर धारणा होती.

या पावलाची किंमत मोठी होती. जातीने व आप्तांनी त्यांच्याशी संबंध तोडले. लक्ष्मीबाईंना धर्मांतराची वार्ता कळली तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. लहान मुलगा दत्तू (देवदत्त) याच्यासह त्या चार-पाच वर्षे पतीपासून दूर, नाशिक परिसरात व पंढरपूर येथे नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पंढरपूर हे भजनाचे माहेरघर. पत्नी तेथे आणि पती अहमदनगरच्या मिशनमध्ये, अशी ही विचित्र ताटातूट होती. १८९९ च्या सुमारास लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या, परंतु सुरुवातीला त्यांनी आपले सोवळे व चूल वेगळी ठेवली. टिळकांनी त्यांच्यावर धर्म लादला नाही. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. ही सारी हकीकत 'स्मृतिचित्रे'त आली आहे आणि ती मुळातूनच वाचावी.

अहमदनगर आणि आधीची गीतपरंपरा

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला मिशनचे केंद्र सुरू झाले. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये येथेच निघाले. रेव्ह. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांनी १८७८ मध्ये येथे धर्मशिक्षणाचे विद्यालय सुरू केले. टिळक अहमदनगरला स्थायिक झाल्यावर याच विद्यालयात शिकवू लागले.

टिळक येण्यापूर्वी नगरच्या मंडळ्यांत मराठी गीते नव्हती असे नाही. हेन्री बॅलंटाइन यांनी १८३० नंतरच्या तीन दशकांत अनेक गीते मराठीत रचली व भाषांतरित केली. परंतु ती बहुतांशी युरोप-अमेरिकेतील चालींवर बसवलेली होती. यात मोठी अडचण होती. इंग्रजी गीतात शब्दावरील आघात व तालाचा ठोका एकमेकांशी जुळवलेले असतात. मराठी पद्य अक्षरसंख्येवर किंवा मात्रांवर चालते आणि ऱ्हस्व-दीर्घाचे भान ठेवते. परक्या चालीत मराठी ओळ बसवली की ऱ्हस्व अक्षर लांबवावे लागते, दीर्घ अक्षर तोडावे लागते आणि ठोका नको त्या अक्षरावर पडतो. शब्द मराठी, पण कानाला ते मराठी वाटत नाहीत. शिवाय पाश्चात्त्य उपासनागीत चार आवाजांच्या स्वरमेळासाठी रचलेले असते. आपल्याकडे एकच स्वररेषा, खाली आधारस्वर आणि सोबत ताल अशी रीत. चार आवाजांची रचना एकाच आवाजात म्हटली की चालीतला अर्धा जीव जातो आणि हाती उरते ती सपाट ओळ.

दुसरी अडचण याहून मोठी. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांपैकी बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतील होते आणि त्यांतल्या अनेकांना अक्षरओळख नव्हती. गीतपुस्तक हाती धरून पाच-सहा कडवी म्हणणे हे वाचता येणाऱ्यांचे काम. भजनात तसे नाही. पुढे म्हणणारा ओळ घालतो, मागचे ती उचलतात. धृपद पुन्हा पुन्हा येते. ऐकूनच पाठ होते. हीच माणसे धर्मांतराआधी एकतारीवर, टाळांवर रात्ररात्र भजन करीत होती. बाप्तिस्म्यानंतर त्यांना सर्वांत जास्त येत असलेली कला दाराबाहेर ठेवून आत यावे लागत होते.

याची जाणीव काहींना टिळकांच्याही आधी झाली होती. १८६० च्या दशकात अहमदनगर येथील पाळक विष्णुपंत करमरकर यांच्या उत्तेजनाने ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग सुरू झाला आणि कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी तो वर्षानुवर्षे गावोगावी नेला. सांगळे यांचे नाव आज फारसे घेतले जात नाही; ते टिळकांच्या तेजात झाकले गेले, असे म्हणावे लागते. टिळकांना कोरी जमीन मिळाली नव्हती. त्यांच्यापाशी जे होते ते म्हणजे संस्कृत व संतवाङ्मय यांवरील पकड आणि अस्सल कवीची प्रतिभा. त्यामुळे जो एक प्रयोग होता त्याची परंपरा बनली.

अभंग, पदे व भजने

टिळकांनी शंभराहून अधिक ख्रिस्ती गीते रचली. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांच्या रचना मोठ्या संख्येने आहेत. 'अभंगांजली' हा त्यांच्या अभंगांचा संग्रह आहे. संतांनी घडवलेले साचे त्यांनी जसेच्या तसे उचलले. मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण व चार अक्षरांचा चौथा चरण असतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात. हे साचे टाळाच्या ठोक्यासाठीच जन्मलेले आहेत. त्यांत बसलेली ओळ गाण्यासाठी वेगळी चाल शिकवावी लागत नाही.

साच्याबरोबर भाषाही आली. ख्रिस्ताला ते गुरू म्हणतात, माउली म्हणतात. वारकऱ्यांनी ज्ञानेश्वरांसाठी राखलेला माउली हा शब्द ख्रिस्ताला लावणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती; दोन्ही बाजूंच्या लोकांच्या भुवया त्याने उंचावल्या असतील. संत ज्याप्रमाणे शेवटच्या चरणात आपले नाव गुंफतात, त्याप्रमाणे टिळक दास ही नाममुद्रा वापरतात. भक्ताची तळमळ, देवाशी भांडण, विरह, शरणागती हे संतकाव्याचे भाव त्यांच्या अभंगांत नव्या विषयाला धरून येतात. ही केवळ प्रचाराची युक्ती होती, असे म्हणणाऱ्यांनी 'अभंगांजली' लक्षपूर्वक वाचलेली नसते. प्रचारासाठी लिहिणारा इतका एकांतात बोलत नाही.

मतभेदही होते. मृदंग व टाळ ही देवळातली वाद्ये, त्यांच्याबरोबर मूर्तिपूजा मागील दाराने आत येईल, अशी भीती काही मिशनऱ्यांना वाटे. काही ख्रिस्ती कुटुंबांना वेगळीच गोष्ट सलत असे. परदेशी चालीची गीते हे त्यांच्या नव्या प्रतिष्ठेचे चिन्ह झाले होते. गावकुसाबाहेरच्या जुन्या भजनाकडे परतणे म्हणजे जुन्या अपमानाकडे परतणे, असे त्यांना वाटल्यास नवल नाही. ब्राह्मण घरातून आलेल्या टिळकांना संतपरंपरा हा अभिमानाचा ठेवा वाटणे सोपे होते. देवळाच्या पायरीपाशी थांबवल्या गेलेल्या माणसाला ती तशीच वाटावी, असे नाही. हा ताण टिळकांच्या कार्याचा अभ्यास करताना दृष्टीआड करता येत नाही. टिळकांच्या बाजूने इतके म्हणता येईल की, त्याच पायरीपाशी थांबलेल्या चोखामेळ्यानेही अभंगच रचले होते.

कीर्तन

टिळक स्वतः कीर्तन करीत. मराठी नारदीय कीर्तनाचा आराखडा त्यांनी कायम ठेवला. पूर्वरंगात एखादे वचन घेऊन त्याचे निरूपण करायचे आणि उत्तररंगात आख्यान लावायचे, ही रीत सर्वांना परिचित आहे. ख्रिस्ती कीर्तनात वचन पवित्र शास्त्रातले असते आणि आख्यान उधळ्या पुत्राचे, एखाद्या संदेष्ट्याचे किंवा ख्रिस्ताच्या वधस्तंभाचे. मध्ये आर्या, साकी, दिंडी, ओवी अशी वृत्ते येतात. निरूपण रंगले की कीर्तनकार पद उचलतो, मृदंग साथीला येतो, टाळकरी धृपद झेलतात.

या साच्याचा मोठा फायदा असा की ऐकणाऱ्याला देवळाच्या किंवा चर्चच्या आत यावे लागत नाही. गावच्या चावडीपुढे, शाळेच्या ओट्यावर, झाडाखाली कीर्तन उभे राहू शकते आणि ख्रिस्ती नसलेला माणूसही रात्रभर बसून ते ऐकू शकतो. प्रवचनाला न येणारे लोक कीर्तनाला येतात, हे नगरच्या मिशनला लवकरच कळून चुकले होते.

वाद्यांचा प्रश्न

उपासनेत कोणते वाद्य चालावे, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. तो जगभर वादाचा ठरलेला आहे. प्रॉटेस्टंट पंथांपैकी काहींनी एके काळी ऑर्गनलाही मज्जाव केला होता. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या काही मंडळ्यांत १९३० च्या दशकात स्टील गिटार आले. हवाई बेटांवरून लोकप्रिय झालेले हे वाद्य तारेवर धातूची कांडी सरकवून वाजवतात, त्यामुळे स्वर एकमेकांत विरघळतात आणि वाद्य गाणाऱ्याच्या आवाजासारखे रडू-हसू शकते. त्या मंडळ्यांत ते भक्तिगीताचे मुख्य वाद्य ठरले आणि पुढे त्याचाच पेडल असलेला प्रकारही तेथे रुजला. ज्या वाद्यात आपला कंठ ऐकू येतो तेच वाद्य लोक प्रार्थनेला जवळ करतात, हे नगर जिल्ह्यातही दिसते.

आपल्याकडे हार्मोनियमचे उदाहरण गमतीचे आहे. ही पेटी मूळ युरोपची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्यातील कारागिरांनी तिला हाताने भाता ओढण्याचे सुटसुटीत रूप दिले आणि पाहता पाहता ती भजनात, कीर्तनात, संगीत नाटकात स्थिरावली. तिच्यातून मींड निघत नाही, दोन स्वरांमधली जागा तिला दाखवता येत नाही, तरी ती आपली झाली. म्हणजे वाद्य देशी की परदेशी यापेक्षा ते कोणाच्या चालीत वाजते याला महत्त्व अधिक. चर्चमधील ऑर्गन व भजनातील पेटी यांचे नाते सख्ख्या बहिणींचे. पण ऑर्गनबरोबर मंडळी उभी राहून पुस्तकातून गाते आणि पेटीबरोबर खाली बसून, टाळी वाजवत, डोळे मिटून गाते.

टिळकांचा आग्रह या दुसऱ्या रीतीसाठी होता. वीणेने आधारस्वर द्यावा, मृदंगाने ताल धरावा, टाळांनी सर्वांना त्यात सामील करून घ्यावे, ही वारकरी भजनाची मांडणी त्यांना ख्रिस्ती उपासनेसाठी पुरेशी आणि योग्य वाटली. टाळ वाजवायला शिकावे लागत नाही, म्हणून त्यात कोणी नुसता श्रोता राहत नाही.

राहुरी व संपादनकार्य

१९०४ मध्ये टिळकांना धर्मोपदेशकाची दीक्षा देण्यात आली. त्यानंतर काही वर्षे ते राहुरी येथे पाळक होते. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर अनाथ झालेल्या मुलांना टिळक दांपत्याने घरी आणून सांभाळले. खर्चाचा मेळ कसा बसवायचा ही चिंता बहुधा लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई, कारण टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे.

'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकासाठी त्यांनी पुष्कळ लेखन केले. १९१२ पासून अखेरपर्यंत ते 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादक होते.

काव्य

आधुनिक मराठी कवितेच्या पहिल्या पिढीत केशवसुत, विनायक, गोविंदाग्रज व बालकवी यांच्याबरोबर टिळकांचे नाव घेतले जाते. 'केवढे हे क्रौर्य!', 'वनवासी फूल', 'सुशीला', 'बापाचे अश्रू' या त्यांच्या कविता प्रसिद्ध आहेत. निसर्ग, बालक, कुटुंब व देश हे त्यांचे आवडते विषय. त्यांच्या अनेक कविता प्रासंगिक व पाल्हाळिक आहेत हे मान्य करावे लागेल. परंतु फूल, पाखरू व मूल यांच्याविषयी लिहिताना त्यांची लेखणी सहसा चुकत नाही.

तरुण कवींना त्यांचे घर नेहमी उघडे असे. बालकवी त्र्यंबक बापूजी ठोमरे (१८९०–१९१८) काही काळ टिळकांच्या कुटुंबात राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलाप्रमाणे सांभाळले.

१९०९ मध्ये टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य लिहावयास घेतले. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९०७ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'ची रोमन लिपीतील नवी आवृत्ती मंगळूर येथे निघाली होती. गोव्यात १६१६ मध्ये प्रथम छापले गेलेले ते पुराणही ओवीबद्धच आहे. सुमारे तीन शतकांच्या अंतराने, दोन वेगळ्या पंथांतील दोघांना ख्रिस्तकथा मराठीत सांगताना भक्तिपरंपरेतील आख्यानकाव्याचीच वाट धरावीशी वाटली. टिळकांच्या हातून 'ख्रिस्तायना'चे अकरा अध्याय झाले.

देवाचा दरबार

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या सेवेतून स्वतःला मुक्त करून घेतले आणि ते सातारा येथे राहू लागले. तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सर्व शिष्य यात बंधुभावाने एकत्र यावेत, अशी ही कल्पना होती. नवा पंथ काढण्याचा त्यांचा हेतू नव्हता. मिशनऱ्यांवर अवलंबून असलेली, परदेशी वेशभूषेतली, शेजाऱ्यांना परकी वाटणारी ख्रिस्ती मंडळी त्यांना खुपत होती. आपल्या देशबांधवांनी ख्रिस्ताला स्वीकारावे, पण त्यासाठी देश सोडल्यासारखे त्यांना वाटू नये, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह येथे संस्थेच्या रूपात उभा राहिला.

उपासनेत देशी चाली आणण्यास ज्यांची हरकत नव्हती, त्यांतील कित्येकांना हे पाऊल फार पुढचे वाटले. बाप्तिस्मा न घेतलेल्याला शिष्य मानावे की नाही, हा केवळ गाण्याचा प्रश्न नव्हता. टिळकांच्या मनात मात्र दोन्ही गोष्टी एकच होत्या. भजनात टाळ हाती घेऊन बसलेल्यांपैकी कोणाचा बाप्तिस्मा झाला आहे, हे कोणी विचारत नाही.

दरबाराला जेमतेम दोन वर्षे मिळाली. टिळकांची प्रकृती खालावली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या देहाचे दफन न करता दहन करण्यात आले. ख्रिस्ती पाळकाच्या बाबतीत ही त्या काळी अपवादात्मक गोष्ट होती. त्यांची रक्षा पुढे अहमदनगरला नेण्यात आली. त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही.

निधनानंतर

स्कॉटिश मिशनरी निकोल मॅक्निकोल यांनी टिळकांच्या काही गीतांची इंग्रजी भाषांतरे केली. त्यांपैकी एकाने ब्रिटनमधील गीतसंग्रहांतही प्रवेश मिळवला. परदेशी गीते मराठीत आणण्याचा ओघ जेथून सुरू झाला, तेथेच एक मराठी गीत उलट दिशेने गेले. जॅक विन्स्लो यांनी १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. विन्स्लो हे नगर जिल्ह्यात काम करणारे अँग्लिकन मिशनरी होते आणि त्यांनी १९२२ मध्ये स्थापन केलेल्या ख्रिस्त सेवा संघाने आश्रमजीवन व भारतीय उपासनापद्धती यांचा अंगीकार केला. टिळकांच्या विचारांशी या संघाचे नाते उघड आहे.

लक्ष्मीबाईंनी पतीच्या निधनानंतर 'ख्रिस्तायन' पुढे नेले. टिळकांनी अक्षरे गिरवून घेतलेल्या या बाईंनी चौसष्ट अध्याय रचले. १९३४ पासून त्यांच्या 'स्मृतिचित्रे'चे भाग प्रसिद्ध होऊ लागले आणि मराठी आत्मचरित्रात त्यांनी जे स्थान मिळवले ते टिळकांच्या कवितेलाही मिळाले नाही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हाही महाकाव्य अपुरे होते. मुलगा देवदत्त याने शेवटचा अध्याय लिहून ते पूर्ण केले आणि १९३८ मध्ये 'ख्रिस्तायन' प्रसिद्ध झाले.

नगर जिल्ह्यातील मंडळ्यांत नाताळाच्या दिवसांत, लग्नघरी आणि दुःखाच्या घरी भजने गाण्याची प्रथा आजही आहे. मृदंगाच्या जागी अनेक ठिकाणी तबला किंवा ढोलकी आली, वीणेची जागा पेटीने घेतली. अलीकडे कीबोर्ड व गिटारही दिसतात. टिळकांची पदे त्यांवरही गाइली जातात. नाममुद्रेत टिळक हे आडनाव नसल्यामुळे, शेवटच्या चरणातला दास कोण, हे ती पदे ऐकून पाठ केलेल्या गाणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक नसते.